दुसऱ्या रेघेवरचा डोंगर

महामार्गाच्या सुनावणीत देशमाने साहेबांनी नकाशावर दोन रेघा दाखवल्या. पहिली शहरातून, शाळेसमोरून, दुसरी शहराबाहेरून. नियमाप्रमाणे पर्यायी मार्ग अभ्यासावा लागतो, म्हणून दुसरी रेघ त्यांनी ऑफिसात बसूनच अभ्यासली होती. तिच्यापुढे शेरा होता: 'बालाघाटाचा डोंगर, अशक्य.' म्हणजे पहिलीच पक्की. सरूबाई उठल्या. मागच्या साली शाळेसमोरच त्यांच्या नातीला ट्रकनं उडवलं होतं. "साहेब, आमी चौघी दुसऱ्या रेघेनं चालत गेलतो. निस्तं माळरान हाय, मेंढरं चरतेत. डोंगर काय घावला न्हाई." हॉलमध्ये हशा पिकला. साहेबांनी अहवालाची पानं चाळली, जणू डोंगर चुकून दुसऱ्या पानावर गेला असावा. मान वर होईना. सरूबाईंनाच त्यांची दया आली. लोकांना हातानं गप करत त्या म्हणाल्या, "हसू नगा रे. साहेब गेलते तवा असंल डोंगर. आमालाच जायला उशीर झाला."