तीर्थातली गोळी

ऑपरेशनच्या दोन दिवस आधीपासून काळजाच्या धडधडीची गोळी बंद, असं अमरावतीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशनात टोचायचं, अंग सैल पाडणारं पण शुद्ध न घालवणारं, महायुद्धानंतर आलेलं नवं औषध त्या गोळीनं जास्तच चढतं म्हणे. पण ती गोळी सुरू करणारे अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, एक दिवसही चुकवू नका. माणिकबाईनं ऑपरेशनच्या सकाळी गोळी कुटून तीर्थात मिसळली आणि उपाशी नवऱ्याच्या तळहातावर पळी सोडली. तीर्थानं काही उपास मोडत नाही.

ऑपरेशन उरकून दुपार कलली तरी तिचा नवरा शालिकराम ओंडक्यासारखा पडून होता. श्वाससुद्धा आपला आपण घेईना. डॉक्टर रबरी पिशवी दाबून हवा भरत होते.

"गोळी दिली होती का, बाई?"

"नाई जी. देवाची आन."

पिशवी नर्सच्या हाती देऊन डॉक्टर बाहेर गेले, तशी ती नवऱ्याच्या कानाशी वाकली. "मीच देली. तीर्थातून. माफ करा मले."

संध्याकाळी त्यानं डोळे उघडले.

मोर्शीला घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं तीर्थाची पळी पुढं केली. त्यानं हात पुढं केला नाही.

"पयले तू घे," तो म्हणाला.