डिबेटच्या आधीची उजळणी

"न्यायाधीशाला पदावरून कोण काढू शकतं?" टॉर्गर्सनबाईंनी विचारलं.

"गव्हर्नर," रॉडनी व्हॅन्डेहे म्हणाला, आणि त्याने तळलेल्या चीजचा तुकडा तोंडात टाकला.

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "विधिमंडळ काढतं, रॉडनी. म्हणजे तू जिथे निवडून जायला निघालायस ना, तिथले लोक."

रॉडनीचा मेहुणा ग्लेन त्याचा प्रचार सांभाळायचा. त्याने उत्तर टिपून घेतलं. खानावळीच्या मागच्या खोलीत ते तिघेच होते. संध्याकाळी टीव्हीवर डिबेट होती, आणि आदल्या आठवड्यात एका पत्रकाराने राज्यघटनेबद्दल विचारलं तेव्हा रॉडनीने असं काही उत्तर दिलं होतं की अर्धं विस्कॉन्सिन राज्य हसलं होतं. म्हणून पक्षाच्या लोकांनी बाईंना गळ घातली. गावातल्या दोन पिढ्यांना राज्यशास्त्र त्यांनीच शिकवलं होतं. रॉडनीलाही. तेव्हाही तो असाच खुर्ची मागे झुकवून बसायचा. आता त्याच्या गोठ्यांत हजारो गाई होत्या, आणि खुर्ची तशीच मागे झुकलेली होती.

बाई सत्तेच्या तीन शाखांकडे वळल्या. एकीने कायदा करायचा, दुसरीने राबवायचा, तिसरीने तपासायचा, आणि तिघींनी एकमेकींवर नजर ठेवायची. हे त्याच्या डोक्यात शिरावं म्हणून त्यांनी गोठ्यातली उदाहरणं देऊन सांगितलं. रॉडनीला गाई समजल्या, शाखा समजल्या नाहीत. मग बाईंनी नाद सोडला. समजून घेऊ नकोस, नुसतं पाठ कर, असं त्या म्हणाल्या, आणि एक एक वाक्य त्याच्याकडून घोकून घेऊ लागल्या. या माणसाला गावातली निम्मी मतं मिळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्यांचा आवाज आणखीच कोरडा झाला होता.

"अमेरिकेच्या घटनेतली पहिली दुरुस्ती," त्या म्हणाल्या.

"भाषणस्वातंत्र्य," रॉडनी म्हणाला. "सरकारने कोणाचं तोंड बंद करायचं नाही." उत्तर बरोबर आलं म्हणून तो स्वतःवरच खूश झाला.

ग्लेनने कागदावरून मान वर केली. आज संध्याकाळी त्या पोरीचा विषय नक्की निघेल, तिचं काय सांगायचं, असं त्याने विचारलं.

ती पोरगी म्हणजे डार्सी नोवाक. तीही बाईंचीच विद्यार्थिनी. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, गावच्या बागेत रॉडनीचं भाषण चालू असताना ती झाडाखाली पुठ्ठ्याचा फलक धरून उभी राहिली होती. आमच्या विहिरीचं एक पेलाभर पाणी पिऊन दाखवा, एवढंच त्यावर लिहिलं होतं. नोवाकांचं शेत रॉडनीच्या गोठ्यांच्या खालच्या उतारावर होतं, आणि गोठ्यांतलं शेणपाणी त्यांच्या विहिरीत झिरपायचं. रॉडनीने मंचावरून बोट दाखवलं, शेरीफच्या पोलिसाने तिला दंडाला धरून फरफटत नेलं, ढकललं, ती पडली. पुढे तिनेच त्याला मारलं असा गुन्हा नोंदवला गेला. येत्या सोमवारी खटला उभा राहणार होता.

"ती ओरडत होती, लोक घाबरले होते, असं सांगू," रॉडनी म्हणाला.

"ती ओरडत नव्हती," बाई म्हणाल्या. "बाग सगळ्या गावाची आहे. तू आत्ता जे घोकलंस, ते तिच्यासाठीच लिहिलंय."

रॉडनीने खुर्ची पुढे घेतली. तिथे आल्यापासून पहिल्यांदाच त्याने बाईंकडे नीट पाहिलं.

"लिहिलंय ना. मग तिला कोणी सोडवलं?" तो म्हणाला. "विधिमंडळ आलं? कोर्ट आलं? बाई, तुमच्या त्या तीन शाखांतलं त्या दिवशी बागेत कोणीच नव्हतं. तुम्ही होतात. तिसऱ्या रांगेत, निळी टोपी घालून. मी वरून बघत होतो. तुम्ही जागच्या हलला नाहीत."

ग्लेन हसला. रॉडनी हसला नाही. तो शांतपणे पुढचा तुकडा सॉसमध्ये बुडवू लागला.

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्या दिवशी त्यांनी सगळं पाहिलं होतं. पोलिसाने पोरीला ढकललं ते, ती हातांवर पडली ते, आणि तिचा हात कोणालाही लागला नाही तेही. आपल्याला काय करायचंय, असं म्हणून त्या मांडीवरच्या ताटलीतली बटाट्याची कोशिंबीर खात राहिल्या होत्या. घरी गेल्यावर त्यांनी स्वतःला समजावलं होतं की बाकीचेही बसूनच होते.

त्यांनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला.

"बरोबर बोललास," त्या म्हणाल्या. "तुला या विषयातलं एवढं एक कळलं, तेच पुष्कळ झालं. आता मला डार्सीच्या वकिलाला फोन करायचाय."

ग्लेनचं हसू थांबलं. अजून बरीच उजळणी बाकी आहे, असं तो घाईघाईने म्हणाला. पक्षातले लोक नाराज होतील, हेही त्याने बोलून घेतलं. बाई खुंटीवरचा कोट काढत होत्या.

"वकिलाला काय सांगणार?" रॉडनीने विचारलं.

"जे पाहिलं ते. आणि गप्प बसले, तेही."

रॉडनीने बोटं पुसली. "शेरीफ माझा, बाई. गावचा पेपर माझा. चर्चमधले निम्मे लोक माझ्याकडे कामाला. एका म्हाताऱ्या मास्तरणीचं या गावात ऐकून कोण घेणार?"

बाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं.

"बारा जण," त्या म्हणाल्या. "कोर्टात त्यांना ऐकून घ्यावंच लागतं, मगच निकाल देता येतो. ज्यूरीचा भाग आपला राहून गेला, रॉडनी."