मागून बघताना

“त्याच्या पायाला हात लावू नकोस, दादा. त्याचं त्याला उभं राहू दे.”

तरी थोरल्याचा हात गेलाच. त्यानं सरदारचा मागचा डावा पाय उचलून वीतभर मागे ठेवला, पाठीवरून तळवा फिरवला आणि बाजूला झाला. खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठ सरळ उतरत गेली. मेंढ्या राखणाऱ्या जातीत इतका देखणा कुत्रा आसपास दुसरा नव्हता, आणि हे सरदारपेक्षा थोरल्यालाच जास्त ठाऊक होतं.

शेडमध्ये मेंढपाळाची कुत्री कण्हत होती. ती माजावर आली होती, म्हणून तो तिला गाडीत घालून एवढ्या लांबून आला होता. आज-उद्यात जोडी लागली नाही तर पुढच्या माजापर्यंत थांबणं आलं. पण या घरात जोडी लावायला भाऊ आणि बहीण दोघांचा होकार लागायचा. वडिलांनी घालून दिलेली रीत होती ती. एकानंही नाही म्हटलं की तो कुत्रा कायमचा बाद, त्याचा वंश तिथेच संपला.

“बघ की आता,” थोरला म्हणाला. “असे मागचे पाय दाखव मला दुसऱ्या कुणाकडे. पाठीला हा उतार यायला तीन पिढ्या गेल्यात.”

“उभा छानच दिसतो,” धाकटी म्हणाली. “पण पिल्लं दिवसभर मेंढ्यांमागे हिंडणार आहेत.”

“मला शिकवतेस?”

मेंढपाळ पाण्याचा ग्लास धरून दोघांकडे आळीपाळीनं बघत होता. भावाबहिणीच्या भांडणात तोंड घालू नये, एवढं त्याला कळत होतं. त्यानं घोट घेतला, तोही जपून.

थोरल्यानं पट्टा आखूड धरला, वर ताणला आणि पळत सुटला. सरदार त्याच्या गुडघ्याला लागून निघाला. पुढचे पाय लांब पडत होते, पाठ जागची हलत नव्हती. मेंढपाळाच्या तोंडून “वा” निघून गेलं. थोरला धापा टाकत परत आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. हो म्हणून टाकावं आणि मोकळं व्हावं, असं धाकटीला खरंच वाटलं.

“आता चालत ने,” ती म्हणाली. “सावकाश. पट्टा सैल सोड.”

“तुला काय खुपतंय ते सरळ सांग ना. आडून आडून कशाला?”

“सांगितलं तर मानशील?”

“नाही मानणार. पिल्लू होता तेव्हापासून मी याला रोज पळवतोय. तू महिन्यातून एकदा उगवतेस आणि खोट काढतेस. आज नाही म्हणालीस ना, तर यापुढे तू आणि ती रीत, दोघी या घराबाहेर.”

मेंढपाळानं ग्लास खाली ठेवला आणि उगाचच गाडीकडे बघितलं.

धाकटीचे कान तापले. पण रोज पळवतो, हे खोटं नव्हतं. पट्टा हातात धरून, कुत्र्याच्या शेजारून. त्याला मान दिसायची, पाठ दिसायची. मागचे पाय बघायला मागे कुणाला तरी उभं राहावं लागतं, आणि ते काम नेहमी तिचं असायचं. मोकळा सोडला तरी सरदार धावत थोरल्याकडेच यायचा. त्याच्यापासून लांब जाणं त्याला माहीतच नव्हतं.

“पट्टा दे इकडे,” ती म्हणाली. “तू इथेच थांब.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, थोरल्यानं मुकाट्यानं पट्टा दिला.

ती सरदारला घेऊन कुंपणाच्या दिशेनं चालू लागली. पट्टा इतका सैल की जमिनीवर लोळत होता. सरदार दोनदा मागे वळून थोरल्याकडे बघून घेत निघाला. पावलागणिक त्याचे मागचे घोटे आत वळत होते आणि एकमेकांना घासत होते. घोट्यांच्या आतले केस तेवढ्या जागी झिजले होते. कमरेमागचा पुठ्ठा या बाजूला, मग त्या बाजूला कलत होता. कुंपणापाशी वळताना त्यानं मागच्या पायांवर भार दिलाच नाही. दोन्ही जोडून ससा उडी मारतो तसे पुढे ओढून घेतले.

धाकटीनं मागे पाहिलं. आता हा ओरडणार, म्हणून तिनं अंग आवळून घेतलं. थोरला जागचा हलला नव्हता. हे एकदाचं संपवावं म्हणून ती भरभर परत येऊ लागली.

“हळू आण गं त्याला,” थोरला म्हणाला. “दुखत असेल.”