चुलीमागचं भोक

कैरोत खमसीनचे धुळीचे वारे सुटायच्या आत रमझीने घरातल्या सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या. उरलं फक्त चुलीमागचं, गॅसच्या पाइपाभोवतीचं भोक. त्याच्या पलीकडे शेजारच्या तहानीचं स्वयंपाकघर. तो नळी घेऊन वाकला, तशी बायकोने, इन्शिराहने, त्याचा हात धरला.

"अहो, ते राहू द्या जरा."

याच भोकाला कान लावून तहानीने ऐकलं होतं, की यांच्या मुलीला लहानपणी फिट्स यायच्या. फातिहा वाचून लग्न पक्कं व्हायच्या आदल्या दिवशी तिने ते मुलाच्या आईच्या कानावर घातलं. सोयरीक मोडली.

इन्शिराहने बंद मोबाइल कानाला लावला आणि भोकाशी वाकून बोलू लागली.

"अगं, तहानीच्या नवऱ्याने दुसरी केली म्हणे! हिला बिचारीला पत्ताच नाही. कोण काय विचारतेस? आपल्याच जिन्यातली! रोज हिच्याच हातचा चहा ढोसते, मेली! नाव? ऐक, तिचं नाव..."

पलीकडे भांडं खळ्ळकन पडलं, आणि मग एकदम चिडीचूप.

इन्शिराह उठली. नवऱ्याला म्हणाली, "हं, बुजवा आता."