सवतीचं कुंकू

पंचाक्षरी हयातभर जत्रेतल्या नाटकांत बाईची कामं करत आले. साडीतल्या त्या रूपाला बायको महानंदा हसून ‘माझी सवत’ म्हणायची.

ते जाऊन वर्ष झालं. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात कुणा चाहत्यानं त्यांची माहिती टाकलेली. वर नऊवारीतला फोटो, कपाळावर ठसठशीत कुंकू. मृत्यूची तारीख तेवढी नव्हती. बीडच्या सायबर कॅफेत आईला शेजारी बसवून लेक शिवांजलीनं ती जड मनानं भरली.

पान पुन्हा उघडलं. नथ तीच, हसू तेच. कपाळ मात्र पांढरं.

तिनं घाईघाईनं तारीख पुसली. कुंकू परतलं नाही.

महानंदानं पडद्यावरच्या त्या कपाळावरून हळूच बोट फिरवलं.

“तिला कावून सांगितलंस गं? तिला म्हाईत न्हवतं.”