तापातली प्रत

"पोरगी आजारी असताना प्रत काढू नकोस गं, आधी डोकं शांत होऊ दे," असं विभागप्रमुख लाटकर मॅडमनी बजावलं होतं. पण संशोधन-अनुदानाच्या अर्जाची मुदत तोंडावर आली होती. अश्लेषाने ते हसण्यावारी नेलं आणि सात महिन्यांची शर्वाणी तापाने फणफणत असतानाच अर्ज लिहायला म्हणून स्वतःच्या मनाची प्रत विद्यापीठाच्या यंत्रात उतरवली.

त्याला चार वर्षं झाली. दर अर्जाला प्रत त्याच तापाच्या दिवसापासून नव्याने जागी व्हायची, आणि मधलं काहीच ठाऊक नसल्याने पहिलं तेच विचारायची. आजही विचारलं, "ताप उतरला का?"

"कधीच उतरला, बाई. आधी उद्दिष्टं लिही. या खेपेला अनुदान हुकलं तर माझी नोकरी जाईल."

"खोटं बोलतेस. दाखव तिला."

थकलेल्या अश्लेषाने शर्वाणीला कॅमेऱ्यापुढे उभं केलं.

"ही कुणाची?" प्रत म्हणाली. "माझी अजून रांगतसुद्धा नाही."

"आई, ही रडतेय," शर्वाणी म्हणाली.

रडत रडतच प्रतीने अर्ज पुरा केला. तो वेळेत गेला. यंत्र बंद करायला मात्र अश्लेषाचा हात धजेना.

तुमच्याही विभागात अशी एखादी प्रत अर्ज लिहीत बसलेली असेल. एकदा जाऊन तिची विचारपूस करून या हो.