बाबांच्या नव्या चाली

बाबांनी वर्षभरात व्हायोलिनवर बांधलेल्या चालींचं पुस्तक काढायचं ठरलं. ते वाजवून दाखवत आणि आई संगणकावर स्वरलिपी उतरवून घेई. फायलींचा नुसता पसारा झाला होता, म्हणून लेकीने एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फाइलमधले स्वर ताडून पाहायचे, दुबार असेल ती वगळायची, उरलेल्या तारखेप्रमाणे लावायच्या. स्क्रिप्ट चालवली, तर अख्ख्या पुस्तकात एकच पान उरलं.

"आई, माझंच काहीतरी चुकलंय. नावं सगळी वेगळी आणि चाल मात्र एकच!"

आईने बाबांच्या खोलीचं दार हलकेच ओढून घेतलं.

"तुझं काही चुकलं नाही गं. नवी चाल सुचली म्हणून ते रोज सकाळी हौसेने हाक मारतात. मी नाव विचारते आणि लिहून घेते."